मला गाडी लेट हवी होती

बायका एकत्र बसल्या की कधी ना कधी पाठवणीच्या गोष्टी निघतात. कुणी सांगते, मी बेशुद्ध पडले. कुणी सांगते, मोटारीत उलट्या झाल्या. माझी पाळी आली की मी सांगते, मी दिवसभर स्टेशनवर बसले होते आणि गाडी येऊ नये म्हणून देवाला हात जोडत होते. मग सगळ्या हसतात. त्यांना वाटतं, हिला सासरी जायचं नव्हतं. तसं काही नव्हतं बाई! सासरी जायला मी एका पायावर तयार होते. नवरा मला पसंत होता, हे तेव्हा बोलायची सोय नव्हती, आता बोलते. मला फक्त गाडी लेट हवी होती.

आमचं राज्य बदललं, मध्यप्रदेशातून आम्ही मुंबई राज्यात आलो, त्याच्या दोन-तीन उन्हाळ्यांनंतरची गोष्ट. राज्य बदललं हे आम्हाला शाळेच्या गुरुजींनी सांगितलं म्हणून कळलं. तांड्यात काहीच बदललं नव्हतं. आम्ही गोर. लोक बंजारा म्हणतात, जुनी माणसं लमाण म्हणतात. घरात आमची गोरबोली, बाजारात वऱ्हाडी. इथं मी सगळं मराठीतच सांगते, कारण गोरबोलीतलं रडणं कागदावर उतरत नाही, मी करून पाहिलं आहे.

तांडा दारव्हा आणि यवतमाळ यांच्या मधल्या माळावर होता. तिथून कोसभर चालत गेलं की स्टेशन. स्टेशन म्हणजे एक खोली, एक घंटा, एक निंबाचं झाड आणि पाण्याचा रांजण. तिथून लहान रुळांची गाडी जायची, मूर्तिजापूरहून निघून यवतमाळला. फार सोशिक गाडी होती ती. शेतातून कुणी उपरणं हलवलं तर थांबायची. रुळावर म्हशी बसलेल्या असल्या तर त्या उठेपर्यंत उभी राहायची, आणि डब्यातली माणसं उतरून बिडी ओढायची. तिला उशीर झाला म्हणून कुणी चिडत नसे. उशीर हीच तिची वेळ होती.

मोठ्या लाइनीची मेल मूर्तिजापूरला यायची. आमची गाडी तिथं तिची वाट पाहायची, तिच्यातले उतारू घ्यायची आणि मग निघायची. मेल फारच लेट असली तर कधी कधी आमच्या गाडीचा जीव कंटाळायचा आणि ती तशीच रिकामी निघून यायची. हे मी मुद्दाम सांगून ठेवते, कारण त्या दिवशी माझा सगळा जीव याच गोष्टीत अडकला होता.

माझा भाऊ त्या मेलमध्ये होता.

एकच भाऊ. माझ्याहून मोठा. दोन वर्षांपूर्वी भुसावळकडे रेल्वेत खलाशी म्हणून लागला आणि तेव्हापासून घरी आला नव्हता. लग्नाला रजा मिळाली नाही. मग गावातल्या एका माणसाबरोबर निरोप आला, लग्न उरकून घ्या, मी पाठवणीच्या दिवशी गाडीनं पोहोचतो, स्टेशनवरच भेटतो. ज्या गाडीनं तो येणार, त्याच गाडीनं मी जाणार. तो उतरणार आणि मी चढणार. गाडी थांबेल तेवढाच वेळ आमचा.

आता यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. आमच्यात ढावलो असतो. मुलगी सासरी निघाली की एकेका माणसाच्या गळ्यात पडून रडत गाते, तो ढावलो. नुसतं रडलं म्हणजे झालं असं नाही. तो शिकावा लागतो. लग्न ठरलं की तांड्यातल्या म्हाताऱ्या बायका संध्याकाळी नवरीला घेऊन बसतात आणि सूर शिकवतात, कुठं श्वास घ्यायचा, कुठं आवाज उचलायचा. शब्द मात्र आपले आपण जोडायचे. आईचा वेगळा, बापाचा वेगळा, मैत्रिणीचा वेगळा. भावाचा सगळ्यात लांब. ज्याचा ढावलो झाला त्याचा निरोप झाला. ज्याचा राहिला त्याचा निरोप अर्धवट, आणि अशी पोरगी सासरी गेली तरी तिचं चित्त ठिकाणावर राहत नाही, असं म्हाताऱ्या सांगायच्या.

भावाचा मी महिनाभर जोडत होते. मोहफुलं वेचताना, पाणी भरताना, गुरांमागं जाताना. त्यानं मला अडाण नदीच्या पुरातून खांद्यावर बसवून पलीकडं नेलं होतं, ते त्यात घातलं. पाडाचा आंबा स्वतः न खाता माझ्यासाठी गवतात लपवून ठेवायचा, ते घातलं. मला शाळेत घालायला बापू, म्हणजे माझा बाप, नाही म्हणत होता तेव्हा हा दोन दिवस जेवला नाही, तेही घातलं. मी चार यत्ता शिकले त्या त्याच्या उपाशी पोटावर. इतका सुंदर ढावलो झाला होता माझा, काय सांगू! एकटीनं म्हणून पाहिला तरी माझंच काळीज हलायचं. आणि ज्याच्यासाठी केला तोच आला नाही तर?

पाठवणी सकाळीच झाली. तांड्याच्या शिवेवर याडीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, गळ्यात पडून ढावलो म्हटला. मग बापूच्या. मग एकेक करून सगळ्यांच्या. आमच्यात आईबाप शिवेच्या पुढं येत नाहीत. आणि शिवेवर ढावलो झाला की पोरीनं मागं वळायचं नाही. याडी तिथंच मातीत बसली. मी पुढं चालत राहिले, फेटियाच्या, आमच्या घागऱ्याच्या, घेरात पाय अडकत होते, आणि मागून तिचा आवाज बारीक बारीक होत गेला.

स्टेशनवर माझ्या बाजूनं आले ते माझ्या दोन काक्या आणि बापूचे म्हातारे काका, ज्यांना सगळा तांडा मोठे आजोबा म्हणायचा. तिकडून माझा नवरा, माझे सासरे आणि त्यांचे चार भाऊबंद. सामान घेऊन आलेली बापूची बैलबंडी निंबाखाली सोडली. बैल पेंढी खात बसले.

गाडी दुपारच्या आत यायची. आली नाही.

स्टेशनमास्तर नागपूरकडचे होते, पितळी बटणांचा कोट उन्हातही घालून असायचे. त्यांच्या खोलीत भिंतीला बोलायची पेटी होती. ती कानाला लावून ते ओरडले, ऐकलं, आणि बाहेर येऊन म्हणाले, "गाडी मूर्तिजापूरलाच उभी आहे. वर कुठंतरी मालगाडी घसरली म्हणतात. मेलचा पत्ता नाही."

सगळ्यांचे चेहरे उतरले. माझा घुंगट होता म्हणून बरं. आतमध्ये मी हसत होते. गाडी उभी आहे, म्हणजे ती मेलची वाट पाहते आहे. म्हणजे माझा भाऊ येणार आहे. जितकी लेट तितकी चांगली. फक्त तिनं कंटाळू नये. मी आमच्या संत सेवालालच्या नावानं हात जोडले आणि म्हटलं, उभी राहू दे तिला, बाबा, तिचे पाय तिथंच रुतू दे.

मग ती दुपार सुरू झाली. तशी दुपार मी आयुष्यात पुन्हा पाहिली नाही.

वैशाखाचं ऊन होतं. रूळ दूरवर गेले होते आणि पुढं पाण्यात शिरले होते. पाणी नव्हतं ते, सगळ्यांना माहीत होतं, तरी बैल मान वळवून तिकडे पाहत. निंबाची पिवळी पानं एकेक गळत. होले घुमत. काक्यांनी भाकरी सोडल्या, मिरचीचा ठेचा काढला, पण मला माहेरची भाकर खाता येत नव्हती, कारण मी माहेरची राहिले नव्हते. आणि सासरची चूल मी अजून पाहिली नव्हती. काकी म्हणाली, "कोनाच्या घरची वं तू आता?" मी म्हटलं, "मास्तरच्या रांजणाची." आणि पाणी प्यायले. खरंच, त्या दिवशी मी त्या रांजणाचीच होते.

किती हलकं वाटत होतं! सकाळी एवढी रडले होते की अंगात काही शिल्लक नव्हतं. ना कुणी काम सांगत होतं, ना कुणी नाव घेऊन हाक मारत होतं. नवरीला हाक मारत नाहीत. मी निंबाच्या बुंध्याला टेकून बसले. चांदीच्या दागिन्यांना ऊन लागून ते तापायचे, सावली सरकली की गार व्हायचे. डोळे मिटले की मी पुरातून भावाच्या खांद्यावर चाललेली असायची. उघडले की रूळ, घंटा, बैल. मधली काही झोप होती, काही नव्हती. मला वाटे, हे असंच चालू राहावं. मी कुणाची लेक नसावं, कुणाची सून नसावं, आणि भाऊ सतत येत असावा.

मोठे आजोबा मात्र तापले होते. त्यांचा बाप लदेणीवर गेलेला, म्हणजे शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेला. रेल्वे आली आणि तो सगळा धंदा बुडाला. त्यांनी आयुष्यभर रेल्वेशी वैर धरलं होतं, आणि आता तिच्याच दारात बसायची पाळी आली होती.

"आमचे बैल कधी लेट नाही झाले बापा," ते मास्तरांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बैल थकला तर माणसाले समजे. तहान लागली तर समजे. ह्या लोखंडाले विचारावं कोनं, कुठी बसलं बाबा तू?"

मास्तर हसले. म्हणाले, "आजोबा, मलाही कळत नाही."

सावल्या लांबायला लागल्या तसे सासरे उठले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या तांड्यात दुसऱ्या दिवशी पंगत बोलावली होती. मारेगावच्याही पलीकडं जायचं होतं. यवतमाळहून सर्व्हिस मोटार धरायची, मग पुन्हा बैलबंडी. त्यांनी आकाशाकडं पाहिलं, धोतर झटकलं आणि म्हणाले, "आता कितीक वाट पाह्याची? या गाडीचा काही भरोसा नाही. बंडी जुपा. आर्णीच्या सडकेवर जाऊ, तिथून मोटार भेटते."

दिवसभर मी गाडीला धरून ठेवलं होतं, आणि आता माणसंच निघाली. बंडीनं गेलो तर भाऊ इथं उतरेल, आणि रिकामं झाड पाहील.

बोलायचं कसं? नवरीनं सासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही. काकीनं व्याह्यांना विनवून पाहिलं, "इवाई, पोरगीचा भाऊ येऊन राह्यला ना गाडीनं." सासरे म्हणाले, "येते का नाही कोनाले माहीत? मेल मेली असंन तर?" भाऊबंदांनी बैलांच्या दाव्याला हात घातला.

नवरीनं बोलायचं नाही. पण नवरी गाऊ शकते, आणि ढावलो चालू असताना तिला कुणी ओढून नेत नाही. अगदी तांड्याचा नायक आला तरी हात बांधून उभा राहतो. हे मला कुठून सुचलं कोण जाणे. मी उठले आणि थोरल्या काकीच्या गळ्यात पडून मोठ्यानं सूर लावला.

काकी दचकली. माझ्या कानात पुटपुटली, "काय वं, सकाळी झाला ना माया ढावलो? पुन्हा काहून?"

मी तिच्या दंडाला कचकून चिमटा काढला. मग तिला उमजलं आणि तिनंही असा काही हंबरडा फोडला की होले झाडावरून उडाले. धाकटी काकी तशीच तयार बसली होती. तिचा झाला. मग मोठ्या आजोबांचा. त्यांना मी त्यांच्या बापाच्या सगळ्या बैलांसकट रडले. म्हातारा खरंच रडायला लागला.

सासरे दावं हातात घेऊन उभे. मी श्वास घ्यायला थांबले तसे ते म्हणाले, "झालं ना माय आता? जुपा."

तेव्हा मी सरळ बैलाकडं गेले आणि बैलाच्या गळ्यात हात टाकले.

जुपणार कसे? मानेवर मी! आणि बैलाला ढावलो म्हणणारी पोर गोर माणूस अडवणार कसा? आमच्यात बैल म्हणजे घरातलं माणूस, किंबहुना थोडं वरचंच. मी त्याला म्हटलं, तू माझं सामान इथपर्यंत आणलं, तुझ्या आज्यानं माझ्या आज्याला पोसलं, तुझ्या शिंगांना मी पोळ्याला रंग लावला, पुढच्या पोळ्याला कोण लावेल? बैल कान हलवत ऐकत होता. सासऱ्यांनी दावं खाली टाकलं आणि उपरण्यानं डोळे टिपले. मग दुसरा बैल. त्याला कमी करून कसं चालेल, तो रुसला असता.

घुंगटातून मी नवऱ्याकडं पाहिलं. तो तोंड फिरवून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. रडतो आहे असं सगळ्यांना वाटलं असेल. मला माहीत होतं, तो हसतो आहे. थोड्या वेळानं तो बापाला म्हणाला, "बा, या बैलाच्या खुरात काटा दिसते. आधी काटा काढा लागन." आणि खाली बसून काढत बसला. काटा नव्हताच. तेव्हाच मी मनात म्हटलं, या माणसाबरोबर जमेल आपलं.

पण काटा तरी किती वेळ काढणार? बैल झाले, निंब झाला, रांजणही झाला. धाकटी काकी पदर तोंडात कोंबून हसू दाबत होती. मग उरले मास्तर. ते हिरवं निशाण काखेत धरून दारात उभे राहून हा सगळा तमाशा पाहत होते. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सुरू केलं. बिचारा माणूस! "अहो, हे काय, उठा बाई," करत मागं सरकला तो भिंतीला टेकला. मी गोरबोलीत त्यांना म्हणत होते, तुझ्या रांजणाचं पाणी प्यायले, तू माझा आता बाप झालास, तुझ्या पेटीला विचार माझा भाऊ कुठं आहे, तुझ्या घंटेला सांग माझ्या भावासाठी वाज.

माझं थांबेना तसं त्यांनी काकीला विचारलं, "काय म्हणते ही?"

काकी म्हणाली, "तुमाले बाप म्हणून राह्यली साहेब."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग आत गेले, पेटी कानाला लावली आणि आम्ही कधी ऐकला नव्हता अशा आवाजात ओरडले. बाहेर येऊन सासऱ्यांना म्हणाले, "मेल आली होती. तिचे उतारू घेऊन तुमची गाडी निघाली, दारव्हाही सोडलं. आता कुठं जाता? बसा."

सासरे बसले. बैल पुन्हा पेंढीला लागले. सगळीकडं एकदम शांत झालं. उन्हाचा पिवळा रंग तांबूस होत होता आणि माळावरून जरा वारा सुटला होता. मी निंबाखाली जाऊन बसले आणि मनाशी भावाचा ढावलो पहिल्यापासून आठवायला लागले. एकही शब्द विसरले नव्हते. पूर, आंबा, शाळा, सगळं जागच्या जागी होतं. काकीकडं पाणी मागायला तोंड उघडलं, आणि आवाजच आला नाही.

पुन्हा उघडलं. नुसती हवा. काकी म्हणाली, "काय वं?" मी गळ्याकडं बोट दाखवलं. तिनं पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. घसा खाकरला, पाठ चोळली. काही नाही. सकाळपासूनचं रडणं, त्यावर दुपारचं. मी माझा सगळा आवाज बैलांना, झाडाला आणि रांजणाला वाटून टाकला होता. भावासाठी एक सूर ठेवला नव्हता. अशी बावळट नवरी कुणी पाहिली असेल का? मला स्वतःचा इतका राग आला की मी गालात चापट मारून घेतली.

तेवढ्यात दूर धूर दिसला. घंटा वाजली.

दिवेलागण व्हायला आली होती. गाडी हळूहळू, दमून आल्यासारखी स्टेशनात शिरली. शेवटच्या डब्यातून एक माणूस उतरला. खाकी पँट, डोक्याला पागोटं नाही, हातात पत्र्याची पेटी. मी त्याला ओळखलंच नाही. मग तो चालायला लागला आणि चाल ओळखली.

मी धावले. घुंगट पडला, पडू दे. त्याच्या गळ्यात पडले. त्याच्या कपड्यांना कोळशाचा वास होता, घामाचा होता, आणि त्याच्याखाली त्याचा स्वतःचा जुना वास होता. त्यानं पेटी खाली ठेवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मान खाली घालून वाट पाहत उभा राहिला. भाऊ असाच उभा राहतो, ढावलो ऐकायला. मी तोंड उघडलं. ओठ हलले, छाती हलली. आवाज नाही. मी पुन्हा सुरू केलं, पुन्हा. तो वाट पाहत होता.

"बोल न," तो म्हणाला. "दोन वर्सं झाली तुया आवाज आयकला नाही."

धाकटी काकी रडत रडत सांगायला लागली, बंडी जुपत होते, हिनं तुझ्यासाठी सगळ्यांना अडवलं, बैलालेसुद्धा गायली, आवाज गेला बापा तिचा. भाऊ ऐकत होता. गार्ड लांबून पाहत होता, त्यानं शिट्टी तोंडात धरली होती पण वाजवली नव्हती. मास्तरांनी निशाण वर केलं नव्हतं. सामान चढलं, सासरे चढले, नवरा दाराशी थांबला. गाडी तशीच उभी. आधीच एवढी लेट, अजून थोडी. पण किती? शेवटी काकीनं मला ओढून डब्यात चढवलं.

मी खिडकीशी बसले आणि मला एवढं रडू आलं, पण तेही मुकंच. तो खिडकीखाली आला. मी त्याला हातानं खुणा करत होते, तुझा राहिला, तुझाच राहिला.

त्यानं खिडकीच्या गजावरचा माझा हात धरला. म्हणाला, "याडीचा झाला?"

मी मान हलवली.

"बापूचा झाला? बैलाचाबी झाला म्हणतात." तो हसला, आणि हसताना त्याचे डोळे भरले. "मग त्या सगळ्याइकडून गेली तू. माया राह्यला ना? राहू दे. कधीच म्हणू नको. मायाकडून तू गेलीच नाहीस."

गाडी हलली. तो हात धरून बरोबर चालत राहिला, आमची गाडीच तशी होती, चालणाऱ्या माणसाला बराच वेळ पुरायची. मग फलाट संपला.

त्यानंतर तो किती वेळा माझ्याकडं आला, मी किती वेळा माहेरी गेले. आवाज चार दिवसांत परत आला होता. मी कधी थट्टेनं म्हटलं, बस, तुझा ढावलो म्हणते, तर तो कानावर हात ठेवून पळायचा. भोजाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, सांगायचा, हिच्यावर नजर ठेव, ही मले परकी व्हाले पाहून राह्यली. दोघंही म्हातारे झालो तरी हेच.

परवा तो गेला. मी पोहोचले तेव्हा त्याला अंगणात घेतलं होतं. बायका जमल्या होत्या. त्यांना ती गोष्ट माहीत होती, सगळ्या तांड्यालाच माहीत होती. एकीनं मला धरून पुढं नेलं आणि म्हणाली, "आता तरी म्हण वं त्याचा ढावलो."

मला सगळा पाठ होता. पूर, आंबा, शाळा. आवाजही होता.

मी त्याच्या उशाशी बसले, आणि म्हटला नाही.